लेन गायडाच्या कागदातली चूक

रेझ्युमे कसा लिहावा हे मला विचारू नका. म्हणजे विचारा, माझं पोट त्यावरच चालतं. पण मी खरं सांगितलं की लोकांची तोंडं वाकडी होतात. मागच्याच आठवड्यात एक बाई कडेने वेलबुट्टी काढलेला कागद घेऊन आल्या. वर कुत्र्यासोबतचा फोटो, खाली छंद: बागकाम, मेणबत्त्या करणे, माणसं जोडणे. मी म्हटलं, बाई, हे वाढदिवसाचं कार्ड नाही, गोदामातली जागा आहे. त्या उठून गेल्या आणि जाताना दार आपटून गेल्या.

वीसेक वर्षं झाली मला या धंद्यात. अमेरिकेतल्या आमच्या ईरी शहरात कारखान्यांना माणसं लागतात, ईरीतल्या माणसांना काम लागतं, आणि मधे आमची एजन्सी. माणूस नोकरीला लागला की कारखाना आम्हाला पैसे देतो, माणसाकडून आम्ही दमडी घेत नाही. रोज सकाळी पहिली कॉफी संपायच्या आत टेबलावरचा निम्मा गठ्ठा मी बाजूला सारलेला असतो. निर्दय म्हणा हवं तर. कागदाच्या वरच्या भागात काही हाताला लागलं तरच मी खाली वाचते. 'मेहनती', 'प्रामाणिक', 'सर्वांशी मिळून मिसळून वागणारा' हे दिसलं की माझं डोकं फिरतं. आळशी, लबाड आणि भांडकुदळ असं कोणी स्वतःबद्दल लिहितं का? तू तिथे गेलास तेव्हा काय होतं आणि निघालास तेव्हा काय होतं ते सांग. मधे जो फरक पडला तो तू. माझं सगळं शास्त्र एवढंच आहे.

लेन गायडा माझ्याकडे आले ते फेब्रुवारीत, ईरी सरोवरावरून बर्फाचा मारा चालू असताना. त्यांना मी लहानपणापासून ओळखते. माझे वडील व्हॉल्व्हच्या कारखान्यात फोरमन होते आणि लेन त्यांच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागले होते. शनिवारी आमच्याकडे जेवायला यायचे, माझ्या आईने केलेले कोबीच्या पानातले खिम्याचे गोळे मान खाली घालून खायचे आणि एक शब्द न बोलता ताट स्वतः धुऊन जायचे. आई म्हणायची, ह्या माणसाला जीभ दिलीय ती फक्त चवीसाठी. आता ते अठ्ठावन्नचे होते, कारखाना आदल्या शरदात बंद पडला होता, आणि शर्टाच्या खिशात चार घड्या घातलेला एक कागद होता.

मी तो उघडला. स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरात लिहिलेलं: लेनर्ड गायडा. व्हॉल्व्हचा कारखाना, देखभाल विभाग, एकतीस वर्षं. यंत्रं दुरुस्त केली. कधी उशिरा आलो नाही.

"बाकी?" मी विचारलं.

"बाकी काय?" ते म्हणाले.

दुसरं कोणी असतं तर मी तिथेच हात टेकले असते. पण मला आयरीनचं माहीत होतं. आयरीन म्हणजे त्यांची बायको. तिला नसांचा तो आजार आहे, ज्यात पाय हळूहळू ऐकेनासे होतात. दर सहा महिन्यांनी हॉस्पिटलात सलाईनमधून एक औषध दिलं की तो आहे तिथे थांबून राहतो. तिचा हा थांबलेला आजार सगळा कारखान्याने दिलेल्या आरोग्यविम्यावर उभा होता, आणि कारखाना बंद झाला तरी युनियनच्या करारामुळे तो विमा एप्रिलअखेरपर्यंत चालणार होता. म्हणजे एप्रिलचा डोस मिळणार, ऑक्टोबरचा नाही. बाहेरून घेता येतील त्या विम्यांत नेमकं तेच औषध बसत नव्हतं. लेननी दोनदा अर्ज केला होता आणि दोनदा नकार आला होता. हे सगळं त्यांनी मला सांगितलं ते तीन वाक्यांत, खिडकीबाहेर बघत. मग टोपी मांडीवर ठेवली.

योगायोग असा की माझ्याकडे तेव्हाच एक जागा आली होती. शहराच्या दक्षिणेला प्लास्टिकचे भाग बनवणारा मोठा कारखाना आहे, त्यांना देखभाल विभागाचा प्रमुख हवा होता. पहिल्या दिवसापासून विमा, आणि तोही चांगला. मी तिथली अट न् अट वाचली आणि मला समोर लेनच दिसले. फक्त ते कागदावर कुठेच नव्हते.

मग आमची झटापट सुरू झाली. दुपारी दुपारी ते यायचे आणि मी दात उपटावेत तसं एकेक काढून घ्यायचे. काहीही विचारलं की उत्तर 'आम्ही'पासून सुरू. आम्ही क्रेन दुरुस्त केली. आम्ही हिमवादळात भट्टी विझू दिली नाही. मी विचारायचे, त्यात तुम्ही काय केलंत, मिस्टर गायडा? ते म्हणायचे, होतो की मी तिथे. युनियनच्या माणसाची खोडच ही. एकट्याने केलं असं म्हणायला त्यांना चोरी केल्यासारखं वाटतं. एकदा तर मी वैतागून पेन आपटलं आणि म्हटलं, माझा बाप वर बसून बघतोय, तो म्हणत असेल या गाढवाला मी काय शिकवलं. तेव्हा ते पहिल्यांदा हसले, आणि मग कारखान्यातल्या धातू दाबायच्या प्रेसची गोष्ट सांगितली.

वीस वर्षांपूर्वी त्या प्रेसमध्ये रॉय नावाच्या एकाची बोटं गेली होती. कंपनी म्हणाली, रॉयचं लक्ष नव्हतं. लेन काही बोलले नाहीत. तो सगळा हिवाळा कामाची पाळी संपल्यावर आणि रविवारीसुद्धा ते कारखान्यात जाऊन बसले आणि एक जाळी बनवली. हात आत असेपर्यंत प्रेस खालीच येणार नाही अशी. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी जादा पैसे दिले नाहीत. पहिल्या दोन जाळ्या फसल्या, तिसरी बसली. त्यानंतर कारखान्याला कुलूप लागेपर्यंत त्या प्रेसवर कुणाला ओरखडा आला नाही.

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय?" मी म्हटलं.

"त्यात सांगण्यासारखं काय आहे? जाळी आहे ती," ते म्हणाले.

ती जाळी मी सगळ्यात वर घातली. स्वतः आखून बसवली, त्यानंतर अपघात शून्य. त्याखाली क्रेन, त्याखाली भट्टी, त्याखाली त्यांनी शिकवून तयार केलेली माणसं, शेवटी क्रेन तपासणीचा परवाना आणि त्याचा नंबर. एक पान. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही. स्वतःच्या तोंडाने सांगते, वीस वर्षांत मी इतका चांगला रेझ्युमे लिहिला नव्हता.

कारखान्याला पाठवायच्या प्रतीवरून आम्ही नाव, पत्ता, फोन काढून टाकतो आणि वर एजन्सीचं नाव घालतो. नाहीतर कारखाना परस्पर माणसाला गाठणार आणि आमची मेहनत पाण्यात. लेनकडून एका कागदावर सहीही घेतली, की या जागेसाठी त्यांच्यातर्फे फक्त आमचीच एजन्सी बोलणार. ही सही का, तेही नीट समजावलं. एकच माणूस दोन एजन्सींकडून आला तर पैसे कोणाला द्यायचे यावरून भांडण लागतं. गेल्या वर्षी त्या प्लास्टिकवाल्यांकडे असंच भांडण कोर्टाच्या दारापर्यंत गेलं होतं. तेव्हापासून त्यांनी नियमच करून टाकला: भांडण नको, तो माणूसच नको. लेननी सगळं ऐकलं, मान हलवली, सही केली. निघताना विचारलं, नावासकट एक प्रत मिळेल का, आयरीनला दाखवतो. मी दिली. का नाही देणार? कागद त्यांचाच होता.

ती गुरुवारची दुपार. शुक्रवारी सकाळी मी रेझ्युमे प्लास्टिकवाल्यांच्या मेगन लुट्झला पाठवला. मेगन तरुण आहे, तिथे माणसं नेमायचं काम बघते, आणि सहसा आठवडा गेल्याशिवाय उत्तर देत नाही. सोमवारी सकाळी माझा कोट अजून अंगावर होता तेवढ्यात तिचा फोन. ही जाळीवाली व्यक्ती कोण आहे? बुधवारी आणता का? मोठ्या साहेबांना स्वतः बोलायचंय. मी लेनना फोन केला. ते 'बरं' म्हणाले. मग म्हणाले, "इस्त्री करायला सांगतो तिला," आणि फोन ठेवला. मी त्या दिवशी दुपारी केक खाल्ला, एकटीने, दोन तुकडे.

मंगळवारी मेगनचा पुन्हा फोन आला. ती म्हणाली, रोंडा, तोच माणूस आमच्या मोठ्या साहेबांकडे दुसऱ्या एजन्सीकडून आलाय. मी म्हटलं, शक्यच नाही, माझ्याकडे सही आहे. ती म्हणाली, तेच शब्द आहेत, जाळी, क्रेन, भट्टी, ओळीला ओळ, फक्त वर नाव वेगळं. तिने मला तो पाठवला. माझंच पान होतं. पाठवणाऱ्याने माझा एक शब्दही बदलण्याचे कष्ट घेतले नव्हते.

वरचं नाव मॉलजवळ नवीन उघडलेल्या एजन्सीचं होतं, आणि पाठवणारा ट्रेव्हर नावाचा कोणी. त्याला फोन लावला. आवाज असा गोड की साखरेत बुडवून काढलाय. तो म्हणाला, माझ्या मावशीने दिला मला, शुक्रवारी तुमच्या चर्चमधल्या जेवणात मिळाला तिला, कोणी बाई वाटत होत्या. मी म्हटलं, लेनना विचारलं होतंस का पाठवायच्या आधी? नाही, पण माणूस चांगला होता, वेळ कशाला घालवायचा. आणि वर मला विचारतो, "कागद झकास आहे हो, लिहिला कोणी?"

मी फोन ठेवला. ठेवला नसता तर बोलू नये ते बोलले असते.

मग मी जे करायचं ते सगळं केलं. मेगनला म्हटलं, आमची एजन्सी बाजूला होते, पैसे त्या पोरट्याला द्या, मला एक पै नको, फक्त माणूस घ्या. माझा साहेब डग काचेपलीकडून हातवारे करत होता, मी त्याच्याकडे पाठ केली. मेगन वाईट नाही. तिने वर विचारलं, पुन्हा विचारलं. संध्याकाळी तिचा निरोप आला. नियम वरून आलाय, त्या नावापुढे आता वाद म्हणून नोंद झाली, ती निघत नाही. आणि दुसरा एक माणूस आहे, बरा आहे, बुधवारी त्यालाच बोलावलंय.

लेन बुधवारी सकाळी आले, मुलाखतीचे कपडे घालूनच. मी फोनवर नुसतं या म्हटलं होतं, काय झालं ते सांगितलं नव्हतं. ते माझ्याच्याने फोनवर सांगवलं नाही. शर्टाला कडक इस्त्री होती. मी सगळं सांगितलं, ट्रेव्हर, मावशी, चर्चमधली बाई. ते ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.

"आयरीन," ते म्हणाले.

मग तुकड्या तुकड्यांनी कळलं. गुरुवारी त्यांनी कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि गाडीवरचा बर्फ काढायला गेले. परत आले तर आयरीन तो मोठ्याने वाचत होती. हे तू केलंस? म्हणे. हेही? त्यांनी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिने शेजारणीला गाडी काढायला लावली, लायब्ररीत जाऊन प्रती काढल्या आणि चर्चमध्ये टेबलाटेबलावर जाऊन दिल्या. वॉकर ढकलत. लेन तेव्हा आत जेवणासाठी मासे तळत होते, त्यांना पत्ताच नव्हता. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, आता बघ, कोणी ना कोणी घेईलच तुला.

"तू सही घेताना सांगितलं होतंस, की दुसऱ्या कुणाच्या हाती जायला नको," लेन म्हणाले. "मी घरी बोललोच नाही. मला काय माहीत, ती..."

मला त्या माणसाचा इतका राग आला. एकतीस वर्षं गप्प राहिलास ते राहिलास, एक वाक्य, फक्त हे एक वाक्य बायकोला सांगता आलं नाही? पण समोर तो कडक इस्त्रीचा शर्ट होता.

जायला उठले तेव्हा त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं, तसं ते फारसं बघत नाहीत. म्हणाले, "पोरी, एक कर. तिला कळू देऊ नकोस. मी सांगतो, त्यांना तरुण माणूस हवा होता. तिचं औषध तिच्याच हाताने गेलं, हे तिला कळलं तर ते ओझं घेऊन ती जगू शकणार नाही."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

पुढच्या शुक्रवारी मी चर्चच्या तळघरात गेले. ईस्टरच्या आधीचे उपासाचे शुक्रवार. मांस वर्ज्य, मासे चालतात, म्हणून आम्ही मासे तळतो, आणि सगळी वस्ती अशी जेवते की उपासालाच लाज वाटावी. सांताक्लॉजएवढ्या पोटाचे म्हातारे तिसऱ्यांदा रांगेत उभे होते. लेन मागे कढईपाशी, पाठमोरे. आणि टेबलांवर, सॉसच्या बाटल्या आणि कोबीच्या कोशिंबिरीच्या वाट्या यांच्यामधे, प्रत्येकासमोर एकेक पान. माझं पान. लेनर्ड गायडा, खाली फोन नंबर.

या आठवड्यात मी त्यांच्यासाठी आणखी दोन ठिकाणी बोलले होते. तिथे हे पान ट्रेव्हरच्या नाहीतर आणखी कोणाच्या हातून जाऊन पडलं की तिथेही हेच होणार. विचार न करता मी पहिल्या टेबलावरची पानं उचलायला लागले. लोक बघत होते. कोणीतरी विचारलं, काय गं रोंडा, मेनू कार्ड बदललं का?

शेवटच्या टेबलाशी आयरीन बसली होती, वॉकर बाजूला लावून, केस नीट बसवून. गठ्ठा तिच्या मांडीवर.

"का उचलतेस?" तिने विचारलं. रागाने नाही, नुसतं.

खरं सांगता येत नव्हतं. उचलल्याशिवाय राहता येत नव्हतं. मी म्हटलं, त्यात एक चूक राहिलीय.

तिचा चेहराच उतरला. गठ्ठा तिने छातीशी धरला आणि एकदम हळू आवाजात विचारलं, "जाळीची?"

मला कळेना. मग ती बोलायला लागली, माझ्याकडे नाही, टेबलाकडे बघत. तो हिवाळा तिला आठवत होता. लेन रात्री उशिरा यायचे, रविवारी चर्च झाल्यावर पुन्हा बाहेर पडायचे, विचारलं तर म्हणायचे काम आहे. कारखान्यात रविवारी कसलं काम? तिने एकदा डबा घेऊन जायचं ठरवलं होतं आणि अर्ध्या वाटेवरून परत आली होती, काय दिसेल या भीतीने. कोणीतरी आहे, हे तिने तेव्हा ठरवून टाकलं. विचारलं कधीच नाही. वीस वर्षं ते पोटात घेऊन तिने त्यांना वाढलं, त्यांच्याशेजारी झोपली, आजारपणात त्यांच्या खांद्याला धरून चालली, आणि प्रत्येक वेळी मनात तेच.

"त्या गुरुवारी तुझा कागद वाचला," ती म्हणाली. "जाळी बनवत होता माझा गाढव. जाळी. मग मी काय करणार होते? मी सगळ्यांना दिला. सगळ्यांनी वाचावं म्हणून दिला. आता तू म्हणतेस त्यात चूक आहे."

आजूबाजूला ताटांचे आवाज चालू होते. मी तिच्यासमोर खाली बसले.

"जाळीचं अक्षर न् अक्षर खरं आहे," मी म्हटलं. "शपथेवर सांगते. चूक परवान्याच्या नंबरात आहे. क्रेनच्या. मी तो चुकीचा टाकला. प्लास्टिकवाल्यांनी तपासला, तो जुळला नाही."

हे मला त्या क्षणी सुचलं. परवान्याचा नंबर तिला पाठ असण्याचं कारण नव्हतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. जाळी खरी आहे हे आधी आत पोचलं, खांदे खाली आले. मग बाकीचं पोचलं.

"म्हणजे तरुण माणूस वगैरे काही नव्हतं," ती म्हणाली.

मी हातातली पानं सारखी केली.

"तुझ्या चुकीमुळे गेली ती नोकरी."

"हो," मी म्हटलं.

"आणि तो तुला पाठीशी घालत होता. तुझ्या वडिलांसाठी." ती म्हणाली. "तुला माहीत आहे ना, ती नोकरी आम्हाला कशासाठी हवी होती?"

मी हो म्हटलं. तिने मांडीवरचा गठ्ठा माझ्या हातात दिला. पर्समध्ये आणखी एक प्रत होती, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली. ती मी मागितलीही नव्हती, पण तिने पर्स बंद करून त्यावर हात ठेवला आणि म्हणाली, हा नाही देणार, चूक असली तरी हा माझा. मग तोंड फिरवलं. मी उठले तेव्हा लेन कढईपाशी झारा हातात घेऊन आमच्याकडे बघत उभे होते.

सोमवारी ते ऑफिसात आले. बसले नाहीत. म्हणाले, "तू असं करायला नको होतंस." मी म्हटलं, मग सांगा तिला खरं. ते दारात उभे राहिले, टोपी फिरवत. मग टोपी घातली आणि गेले. सांगितलं नाहीच. सांगणार नाहीत हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि खरं तर मलाही ते नको होतं.

मी त्यांच्यासाठी पुढेही गुपचूप खटपट केली. पण ट्रेव्हरने तोवर तो कागद शहरभर फिरवला होता. जिथे जावं तिथे, हो, हा आमच्याकडे आलाय, जाळीवाला, कुणाचा आहे हा माणूस नक्की? ज्या दोन ठिकाणी तसं नव्हतं तिथे त्यांनी लेनना समोर बघितलं, वय मोजलं आणि कळवतो म्हणाले. आता ते बांधकाम सामानाच्या दुकानात लाकडं कापून देतात. आठवड्याचे तास इतके कमी ठेवलेत की विमा द्यावा लागू नये.

एप्रिलचा डोस मिळाला. ऑक्टोबरचा नाही. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगपर्यंत वॉकर गेला आणि चाकांची खुर्ची आली. रविवारी लेन तिला चर्चमध्ये ढकलत आणतात, आमच्या बाकाच्या पुढून जातात. लेन मला मान हलवतात. आयरीन समोर बघते. चर्चमधल्या बायकांत काय बोललं जातं ते माझ्या कानावर येतंच. रोंडाने एक आकडा चुकवला आणि बिचारीचे पाय गेले. दोन कारखाने आता मला माणसं विचारत नाहीत, आणि डगने एकदा दार लावून घेऊन विचारलं, की तो परवान्याचा घोळ नक्की काय होता. मी म्हटलं, झाली चूक. माझ्या कामात चूक झाली असं मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, आणि तेही न झालेली.

फाईल माझ्या खणात आहे. कधी कधी दुपारी ऑफिसात कोणी नसलं की मी ते पान काढते. परवान्याचा नंबर मूळ परवान्याशी लावून बघते, आकड्याला आकडा. तारखा बघते. जाळीची ओळ वाचते. मग परत ठेवते आणि पुढच्या माणसाला आत बोलावते, तो म्हणतो मी मेहनती आहे, आणि मी त्याला विचारते, बाकी?

त्या पानात एकही चूक नाही. हे मला कोणाला तरी सांगायचं होतं.